उपासाला न चालणाऱ्या गोळ्या

आमच्या आईचं ब्लडप्रेशर तिच्यासारखंच होतं, कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. पारनेरच्या डॉक्टरांनी आधी एक गोळी दिली, मग दोन, मग तिसरी पिवळी. पारा काही खाली येईना. दर वेळी दंडावरचा पट्टा सोडत ते म्हणायचे, "बाई, हे असंच राहिलं तर अर्धं अंग जाईल, नाहीतर मूत्रपिंडं जातील, नाहीतर हृदय." जसं काही तिनं त्यातलं एक पसंत करायचं होतं. आई पदर सावरत मान डोलवायची आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "मानूस लई चांगलाय, पन उगं भ्या घालतो."

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तरीण होते. चौथीला आरोग्याचे नियम शिकवायचे, म्हणजे घरात शहाणी मीच. गोळ्या आणायची मी, आळणी कालवण करायची मी, आणि डॉक्टरांनी "गोळी चुकत तर नाही ना?" असं विचारलं की "छे हो, एकही नाही!" असं तोऱ्यात सांगायचीही मीच.

आणि ते खोटं नव्हतं हो! चुकत नव्हतीच. उपासाच्या दिवशी ती घेत नव्हती, एवढंच. "उपासाला इलायती गोळी? काय असतं त्यात, कुनाला ठाव! मोडंल की उपास." बरोबरच होतं तिचं. कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, मग ती पिवळी कशी चालेल? हे काय डॉक्टरांना सांगत बसायचं? माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

उपास तरी किती! सोमवार वडिलांसाठी, शनिवार माझ्या लग्नासाठी, शिवाय एकादशी, चतुर्थी. दुष्काळाच्या साली पावसासाठी मंगळवार धरला. पाऊस आला नाही, मंगळवार राहिला. मग गोळ्यांनी गुण येईना, म्हणून खास ब्लडप्रेशर उतरावं यासाठी गुरुवार. हा तिला मी सुचवला. शाबास गं मास्तरीणबाई! महिन्याच्या गोळ्या आमच्याकडे दोन-दोन महिने पुरायच्या, तेव्हा मला वाटायचं, आईच्या हातालाच बरकत आहे. वर उपासाच्या खिचडीत सैंधव मोकळ्या हातानं पडायचं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, सैंधव थोडंच!

डॉक्टरकडे जायलाही चांगला वार नको का? आम्ही नेमके गुरुवारीच जायचो. पोटात अन्न नाही, गोळी नाही, एस.टी.त तासभर उभं राहून पोचलं की दंडाला पट्टा. डॉक्टर डोकं खाजवायचे आणि आणखी एक गोळी लिहून द्यायचे. घरी येऊन आम्ही विचार करायचो, आता कुठला वार धरावा?

एका शनिवारी सकाळी आमच्यासाठी भाकरी थापता थापता तिचा हात परातीतच थांबला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वडिलांनी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी गोळ्यांचा डबा मागितला, उघडून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या कशा उरल्या?"

"उपास होते," मी म्हटलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी गोळी कुटून मधातून चाटवायला लागले. बुधवारी तिनं मुकाट्यानं घेतली. गुरुवारी चमचा ओठाला लावला, तर दात गच्च मिटले. हात लुळा, तोंड वाकडं, पाणी मागता येत नव्हतं, पण वार पक्का ठाऊक होता. अशी चीड आली मला! तिची, त्या गुरुवारची, सगळ्यात जास्त माझी. रडत रडत म्हटलं, "आई, आज बुधवार आहे गं. आजारपणात तू एक दिवस जास्त मोजलास."

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

त्याच जुन्या गोळ्यांनी महिन्याभरात पारा उतरला. आई पुढे सहा वर्षं जगली, आणि ती सहाही वर्षं आमच्या घरात रोज बुधवार होता.