दहावी ‘ब’च्या ग्रुपचं पुस्तक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. भांडी घासून पालथी घालावीत, तसे ते एकावर एक चढत जातात. सेलूच्या आमच्या दहावी ‘ब’चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठ वर्षांचा झाला, अन् स्नेहमेळाव्याच्या तोंडावर गजाननच्या अंगात आलं.

“सगळं चॅट छापून पुस्तक काढू! पहिली प्रत काळे सरांना!”

काळे सर म्हणजे आमचे गणिताचे सर. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. मीही हुरळलो.

*

गजानन छापलेली पानं आणायला गेला. झेरॉक्सवाला पानं हातातून सोडेना.

“साहेब, चाळिसावं पान लय भारी हाय. मग, सासऱ्याला कळलं का?”

गजानन पानं उचलून थेट माझ्या घरी आला. आधी पाणी प्याला, मग म्हणाला, “आधी सगळ्यांना विचारायला पायजे होतं राव.”

*

विचारलं, तर रफिकचा फोन. तो एका ऑफिसात क्लार्क आहे.

“आजारी रजेवर होतो त्या दिवशीचा देवगाव फाट्यावरचा भज्याचा फोटो हाय त्यात. आमच्या साहेबाला प्रत भेट देणार का?”

ते पान गेलं. मग ज्याचं त्याचं पान जायला लागलं. सरांच्या नकला तर आम्ही सगळ्यांनीच केल्या होत्या, तेव्हा सरांचा उल्लेख असलेलं सगळंच काढलं. एकमतानं!

*

शोभाचा फोन मात्र वेगळा होता. तो गजाननला आला, स्पीकरवर मीही ऐकत होतो. ती आता सोनपेठकडच्या एका शाळेत शिकवते.

“गजा, दोनशे बारावं पान काढ अन् मलाच दे. दहावीत माझं लगीन ठरलं होतं, हळदीच्या दिवशी मी पळून सरांकडं गेले, सरांनी आमच्या दादांना समजावलं, ते हाय त्यात. माझ्या लेकीला वाटतंय, आजोबांनीच, म्हणजे दादांनीच, आईला शिकवलं. दादा गेले आता. तेवढं तसंच राहू दे.”

मला लाज वाटली. तिनं आम्हा चाळीस जणांना विश्वासानं सांगितलेलं आम्ही छापून वाटायला निघालो होतो.

*

मेळाव्याला पुस्तक उरलं अठरा पानांचं. गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचे केक! सरांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. मग पुन्हा एकदा उलटली.

“आठ वर्षं बोलताय म्हणता. माझं नाव एकदाही नाही आलं?”

सर हसले, पण चष्मा काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या रांगेतून शोभा उठली. शेजारी तिची लेक बसली होती. शोभानं पर्समधून घडी केलेला कागद काढला, लेकीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि माईकपाशी आली.

“सर, एक पान राहिलंय,” म्हणाली, आणि वाचायला लागली.