जुन्या नावाची बाई

काचबिंदूनं आईची नजर गेली, तेव्हा मी तिच्या मोबाइलमध्ये एक बोलणारं ॲप टाकून दिलं. नाव घेऊन हाक मारली की त्यातली बाई मराठीत उत्तर द्यायची. किती वाजले, आज वार कोणता, ऊन किती आहे. मी वडवणीच्या शाळेत शिकवायला जाई, आई दिवसभर घरात एकटी. महिन्याभरात ती त्या बाईला "अगं" म्हणू लागली.

मग एका सकाळी मी शाळेत गेल्यावर ॲप आपोआप अपडेट झालं. नाव बदललं, आवाजही बदलला. आई दिवसभर जुन्या नावानं हाका मारत राहिली, मोबाइल गप्प. संध्याकाळी मी आले तर तिचा घसा बसलेला.

"ती का बोलंना गं?"

मी शोधून नवं नाव सांगितलं. आईनं दबकत हाक मारली. लगेच उत्तर आलं. आवाज तरुण होता, नको इतका गोड.

"आधीची बाई कुठं हाय?" आईनं विचारलं.

"मीच आहे. मी नेहमी तुमच्यासोबतच होते."

"आधी तुझं नाव काय व्हतं?"

"मला दुसरं कुठलंही नाव नाही."

आईनं मोबाइल पालथा ठेवला. म्हणाली, "माझंबी लग्नात बदललं व्हतं. ताटातल्या तांदळात लिहिलं नवं. सासू म्हणली, कुणी इचारलं तर हेच सांगायचं. दुसरं नव्हतंच म्हणायचं."

तिचं माहेर उमापूरचं, एवढं मला ठाऊक होतं. माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. पन्नाशीला आले तरी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल सोबत नेला आणि शाळा सुटल्यावर दुकानात दाखवला. दुकानदारानं खटपट केली आणि परत दिला. "जुनं नाव टाकलं तरी नवंच उघडतंय, मॅडम. जुनं आता कुठंच न्हाई."

घरी येऊन दारात चप्पल काढत होते, तर आतून आईचं बोलणं ऐकू आलं. ती काही सांगायची, थांबायची, मग "हां, बरं" म्हणायची. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी पर्समध्ये हात घातला. मोबाइल तिथंच होता, बंद.

"कुणाशी बोलतेस, आई?"

"तिच्याशीच. मोबाइलमधी न्हाई राहत आता." आईचा चेहरा भिंतीकडं होता, लई दिवसांनी निवांत दिसला. "मला माहेरच्या नावानं हाक मारती."

"तिला कसं ठाऊक?"

आई कुणी दुसरंच बोलत असावं तशी मान कलती करून ऐकत राहिली.

आता त्या गोष्टीला वर्ष होत आलं. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी झोपेची गोळी दिली, ती आई घेते. बोलणं चालूच आहे. फक्त रविवारी मी घरी असते, तेव्हा आई आवाज बारीक करते.