भाव रस्त्याचा, मक्ता पावसाचा

मावशीच्या गावाहून शोभाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी जेवायला बसलो होतो. "सर, मावशीला मारलं... डोस्क्यात मारलं. लातूरला नेऊन राहिलोत." मागून गाडीचा भोंगा ऐकू येत होता, आणि तिचा नवरा प्रल्हाद कुणाला तरी "हळू, हळू" म्हणून ओरडत होता. मी लातूरला पोहोचलो तोवर अन्सामावशी गेली होती. कपाळापासून कानामागपर्यंत पट्टी, आणि पट्टीतून वर आलेलं रक्त वाळून काळं पडलेलं. माझ्या आईची ही धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली. मारणारा तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा, बालाजी. फावड्याच्या दांड्यानं मारलं.

निलंग्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून मावशीची चार एकर काळी जमीन. नवरा ऐन तरुणपणी गेला, पदरी मूल नाही. पहिल्याच पेरणीला दिरानं तिला केस धरून बांधाबाहेर ओढत आणलं. तेव्हा त्या जमिनीला भाव असा नव्हताच; एकर विकून एक बरी बैलजोडी आली तर आली. पण रांडमुंड बाईनं वाटा मागावा, हेच त्याला सोसेना. मावशीच्या हातात खुरपं होतं. तिनं ते त्याच्या मनगटाच्या वर असं घातलं की हाड दिसलं. ते रक्त बघून ती दोन दिवस जेवली नाही, असं आई सांगायची. तिसऱ्या दिवशी मात्र भाकरी बांधून शेतात गेली.

पुढं अंगानं होईना, तेव्हा तिनं जमीन मक्त्यानं लावली, म्हणजे पाडव्याला वर्षाची रोख रक्कम घ्यायची आणि पीक कसणाऱ्याचं. बौद्धवाड्यातल्या प्रल्हादला गावात कुणी जमीन देत नव्हतं. कूळ लागेल, सातबाऱ्यावर नाव चढवील, अशी भीती दाखवायचे. मावशीनं त्याला दिली. पाऊस गेला की न मागता मक्ता खाली आणायची. सोयाबीनला भाव लागला की वाढवायची, आणि प्रल्हाद कुरकुरत द्यायचा. वीसेक वर्षं हे असंच चाललं.

मग रस्ता मोठा झाला. ज्या जमिनीचा भाव एकरात बोलायचे तो गुंठ्यात बोलू लागले, मग फुटात. उदगीरचे, लातूरचे, कुठकुठचे दलाल गाड्या घेऊन यायचे. भाव असा उधळला, पण मक्ता जवळपास तिथंच. मी तिला म्हणालो, "मावशी, वर्षभराच्या मक्त्यापेक्षा बँकेचं महिन्याचं व्याज जास्त येईल. विकून टाक." ती म्हणाली, "भाव रस्त्यानं वाढतो रं, मक्ता पावसानं. रस्त्यावर काय पिकतंय?"

लपवत नाही, माझाही डोळा होता. तिच्यामागं माझ्याशिवाय कोण, असं मी धरून चाललो होतो. एका दलालाला मीच तिच्या दारात नेलं. तिनं चहा दिला आणि विचारलं, "घेऊन पेरणार काय?"

"प्लॉट पाडणार, मावशी," दलाल म्हणाला.

"मग चहा प्या अन् निघा."

त्याच पावसाळ्यात बालाजीनं शेंगा धरलेल्या सोयाबीनमध्ये ट्रॅक्टर घातला. प्रल्हाद आडवा गेला, तर लोखंडी गजानं त्याचा गुडघा फोडला. मावशी ट्रॅक्टरपुढं उभी राहिली. तिच्या कोपरावर गज बसला आणि हात लोंबायला लागला. तशाच हातानं तिनं ठाण्यात पुतण्याविरुद्ध जबाब दिला. दवाखान्यात मी पुन्हा तेच म्हणालो, "आता तरी वीक." तिनं चांगल्या हातानं माझ्या तोंडात भडकावली. पन्नाशीच्या माणसाला, अख्ख्या वॉर्डासमोर...

"तू बी त्यांच्यातलाच," ती म्हणाली.

दिवाळीनंतर तिनं चारही एकर जमीन प्रल्हाद आणि शोभाच्या नावावर करून दिली. किंमत रस्त्याची नाही, मक्त्याची. एवढी वर्षं जेवढा मक्ता दिला तेवढाच आणखी हप्त्यानं द्या, जमीन तुमची. सरकारी दरानं मुद्रांक भरावा लागला, त्यासाठी तिनं पाटल्या मोडल्या. मी फोनवर भांडलो. "तुझं तू बघ," म्हणालो आणि फोन ठेवला. ते आमचं शेवटचं बोलणं.

महिन्याभरानं ती शोभासोबत हरभऱ्याची भाजी खुडत होती. जामिनावर सुटलेला बालाजी आला. "भिकेत दिलीस व्हय आमची जमीन?" मावशी उठलीही नाही. म्हणाली, "तुझी कधी होती?" त्यानं शेजारी पडलेलं फावडं उचललं. दुसरा घाव घालणार, तोवर शोभानं त्याच्या दंडाला दातांनी धरलं आणि तो तिलाच हाणत राहिला तरी सोडलं नाही. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, पोलीस येईपर्यंत तो बांधावर बसून होता.

बालाजी तुरुंगात आहे. प्रल्हादचा गुडघा वाकत नाही, पण हरभरा त्यानंच काढला. दलाल अजून मला फोन करतात.

परवा मावशीच्या घरी गेलो. अंगण झाडलेलं, सडा टाकलेला. आत तिची जाऊ, बालाजीची आई, भांडी घासत होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दोघी बोलत नव्हत्या. मला बघून तिनं मान वर केली नाही.

"माझ्याच पोटच्यानं मारलं," ती म्हणाली. "अंगण तरी कुणी झाडायचं?"

निघताना सवयीनं दार ओढून घेऊ लागलो.

"लावू नको," आतून आवाज आला. "ती दिवसा कधी लावीत नव्हती."