बेत तीन देशांचा होता

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं कुठेतरी जाऊन येतात. मग पुढची काही वर्षं कुणाच्या बारशाला, कुणाच्या घरभरणीला भेटली, की एक जण सुरू करतो, "ए, ते हिक्काडुवाचं सांग ना!" सांगणारा चुकतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा आपल्या पदरचं घालतो. बघता बघता ढीग होतो. आमचा ढीग चौघांचा होता. आता मी चुकलो तरी दुरुस्त करायला समोर कुणी नसतं, तेव्हा मी सांगेन ते खरं धरा!

आधी माणसं सांगतो. मी दिगंबर. ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होतो. डायव्हर लोकांचे सिलिंडर तपासायचे, तोंडात धरून श्वास घ्यायचे रेग्युलेटर उघडून साफ करायचे, कॉम्प्रेसरवर हवा भरून द्यायची, हे माझं काम. तिथे येणाऱ्यांतला एक मनोहर. आमचा मन्या. पंधरा वर्षं जहाजांचे तळ आणि जेट्टीचे खांब पाण्याखालून तपासत आलेला. त्याची बायको शैलावहिनी तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवायची. चौथा मिलिंद, घाटकोपरचा, विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात क्लार्क.

खूळ मिलिंदचं. विमानात कुणीतरी विसरलेलं एक इंग्रजी मासिक त्याच्या हाती लागलं. त्यात लाटेवर उभ्या असलेल्या एका माणसाचा फोटो होता. तो त्याने वर्कशॉपमध्ये आणून माझ्या टेबलावर आपटला. "दिग्या, हा माणूस पाण्यावर उभा आहे यार!"

बेत ठरला. श्रीलंकेत सर्फिंग, मालदीवमध्ये डायव्हिंग, थायलंडमध्ये दोन्ही. तीन वर्षं आम्ही रजा साठवल्या.

* * *

घरी सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. आम्ही तेव्हा दिंडोशीला नव्याने राहायला गेलो होतो. वडील, म्हणजे आबा, काम करायचे ती गिरणी बंद पडली होती आणि ते दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असायचे.

"कशाक जातंस?" त्यांनी विचारलं.

"पाण्याखाली बघायला."

"आपल्या गावाक दर्या नाय काय?"

"तिथलं पाणी स्वच्छ असतं, आबा. सगळं दिसतं."

आबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "बरां. घरात बसान माका पण हल्ली सगळां स्वच्छ दिसता."



* * *

बेत ठरल्यावर महिनाभराने मिलिंदने एक बारीकशी गोष्ट सांगितली. त्याला पोहता येत नव्हतं!

मन्या कपाळावर हात मारून म्हणाला, "वाट लागली! अरे, मग तू लाटेवर उभा कसला राहतोस?"

वहिनींनी त्याला रविवारी दुपारी शिकवायला घेतलं. सत्तावीस वर्षांचा बाप्या, कठड्याला धरून पाय मारायचा आणि बाजूची आठ-आठ वर्षांची पोरं खिदळायची. पाण्यात डोकं घालताना तो इतका थरथरायचा की मला बघवायचं नाही. पण एकही रविवार त्याने चुकवला नाही.

एका रविवारी तो वडिलांना घेऊन आला. भाऊ म्हणायचे त्यांना. साताऱ्याकडच्या कोरड्या भागातून लहानपणी मुंबईत आलेले. पांढरा शर्ट, पायजमा, हातात छत्री. ते काठापासून चांगले चार हात लांब बसले. मी म्हटलं, "भाऊ, पुढे या ना, पाण्यात पाय सोडा." ते मान हलवून म्हणाले, "असू दे, असू दे. बरा आहे इथं."

त्या दिवशी मिलिंद पहिल्यांदा उताणा तरंगला. हात पसरून, डोळे मिटून, अगदी संथ. वहिनींनी त्याच्या पाठीखालचा हात काढून घेतला तरी त्याला कळलं नाही.

भाऊ उभे राहिले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आमच्या गावात विहिरीला हात लावला म्हणून माझ्या आईला मारलं होतं. आणि हे बघा, पाण्यावर झोपलंय!"

मग ते हळूहळू पुढे आले, वाकले आणि दोन बोटं पाण्यात बुडवून लगेच काढून घेतली. शर्टाला पुसलीसुद्धा.

* * *

श्रीलंकेत, हिक्काडुवाला, आम्ही उपाली नावाच्या माणसाच्या घरी उतरलो. तो सर्फबोर्ड भाड्याने द्यायचा आणि शिकवायचाही. त्याची शिकवणी म्हणजे तीन इंग्रजी शब्द. "पॅडल! पॅडल! अप!"

बोर्डावर पालथं पडायचं, दोन्ही हातांनी पाणी मागे सारत लाटेबरोबर वेग घ्यायचा आणि टुणकन उभं राहायचं. आठवडाभरात मिलिंद उभा राहिला. तीन सेकंद असेल. पण तो जो ओरडला, ते ऐकून किनाऱ्यावरची कुत्री पळाली!

मी दहादा पडलो. वहिनी चौथ्या दिवशी गुडघ्यांवर आल्या आणि "मला एवढं पुरे" म्हणून बाहेर जाऊन बसल्या.

मन्याची मात्र गंमत व्हायची. तो पॅडल करायला लागला की बोर्ड सरळ जायचाच नाही. गोल फिरायचा. लाट पुढे निघून जायची आणि मन्या आपला जागच्या जागी भोवरा! मिलिंद किनाऱ्यावरून ओरडायचा, "मन्या, नांगर टाकलायस का?" आम्ही पोट धरून हसायचो. उपालीही हसायचा. मन्या पाण्यातून आम्हाला शिव्या घालायचा आणि पुन्हा फिरायचा.

तो फक्त उजवा हात मारत होता. डावा वर जातच नव्हता. मला हे तिसऱ्या दिवशी दिसलं. तोवर दोन दिवस मी मनापासून हसून घेतलं होतं.

* * *

तिथेच जवळ खडकांवर पोवळ्यांचं रान होतं. उपालीच्या मेहुण्याच्या होडीतून आम्ही डायव्हिंगला गेलो. पाणी असं, की वरून बघितलं तर खालच्या माशाचे पट्टे मोजावेत!

मुंबईचं पाणी ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनाच यातलं अप्रूप कळेल. आपल्याकडे पाण्याखाली स्वतःचा पंजा दिसत नाही. डायव्हर सगळं हाताने चाचपून करतो. खिळा, तडा, दोरी, सगळं बोटांना कळायला लागतं.

वर यायच्या वेळी होडीचा नांगर खडकात अडकला. मन्याने मला 'थांब' अशी खूण केली आणि दोर सोडवायला बसला. मी दोन हातांवर होतो. त्याच्या मास्कच्या काचेतून मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. भोवती निळे-पिवळे मासे, वरून ऊन झिरपतंय, आणि मन्याने डोळे घट्ट मिटून घेतलेले!

दोर सुटला. आम्ही वर आलो. होडीत मास्क काढल्यावर मी विचारलं, "अरे, डोळे का मिटलेस? एवढं छान दिसत होतं!"

तो म्हणाला, "उघड्या डोळ्यांनी मला काम जमत नाही रे."

मिलिंद खो खो हसला. मन्याही हसला. मग तो होडीच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून किनारा येईपर्यंत बसून राहिला. पंधरा वर्षं तो समुद्रात उतरत होता आणि समुद्र कसा असतो ते त्याने त्या दिवशी पाहिलं होतं.

* * *

मग पाऊस लागला. दोन दिवस घरात कोंडून पडलो. मिलिंद उपालीच्या पोरांना पत्ते शिकवत होता. ओसरीवर मी आणि मन्या दोघंच.

मी म्हटलं, "खांद्याला काय झालंय?"

त्याने आधी उडवून लावलं. मग म्हणाला, "हाड मेलंय. आमच्या धंद्यात होतं. खोल पाण्यातून वर येताना रक्तात बुडबुडे होतात ना, ते हाडाचं रक्त अडवतात. एक्स-रे काढला निघण्याआधी. डॉक्टर म्हणाला, पाण्यात जाणं आता बंद."

"मग इथे कशाला आलास, गाढवा?"

"मग कधी येणार होतो?"

दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. तो म्हणाला, "शैलाला बोलू नकोस. तिला ठाऊक नाही. परत गेलो की सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी विहिरीवर कपडे पिळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, यांनी काल तुम्हाला सांगितलं ना?"

मी पोहरा विहिरीत सोडला.

"एक्स-रे मी निघायच्या आधीच पाहिलाय. गादीखाली होता. यांना सांगू नका मला माहीत आहे म्हणून. तेवढीच सहल तरी सुखाची होऊ दे."

उरलेली सहल मी दोघांची गुपितं घेऊन हिंडलो. जेवताना एकाकडे बघितलं की दुसऱ्याकडे बघायची चोरी!

* * *

तिथून मालदीव. तिथलं मागाहून सांगतो. एवढंच, की त्यानंतर थायलंडला जायचं कुणाच्या मनात उरलं नाही. परतीला पुन्हा हिक्काडुवाला थांबलो, तेव्हा उपालीने मिलिंदला एक जुना, ठिगळ लावलेला बोर्ड भेट दिला आणि तो घेऊन आम्ही मुंबईत सहार विमानतळावर उतरलो.

कस्टमचा अधिकारी त्या बोर्डाभोवती दोन फेऱ्या मारून आला. "हे काय आहे?"

"सर्फबोर्ड."

"कशासाठी वापरतात?"

"लाटेवर उभं राहायला."

"आणि मग?"

मिलिंदने प्रामाणिकपणे विचार केला. "मग पडायला, साहेब."

अधिकाऱ्याने आमच्या चौघांच्या तोंडांकडे पाहिलं. आम्ही कुणीच हसत नव्हतो. त्याने खडूने फुली मारली आणि म्हणाला, "जा घरी."

तो बोर्ड घाटकोपरला मिलिंदच्या खोलीत मावेना. जिन्यात उभा केला, तर शेजारणींनी त्यावर कुरडया वाळत घातल्या. पुढे मिलिंद गल्फला गेला तो तिकडचाच झाला.

* * *

मन्याचं काम सुटलं. आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला स्टोअरकीपरची जागा मिळाली. एकेका रबरी वॉशरचा हिशोब ठेवायचा तो, इमानाने. तरणी पोरं यायची, डायव्हर व्हायला निघालेली. विचारायची, "काका, खाली कसं वाटतं?" हा म्हणायचा, "नंबर किती पाहिजे वॉशरचा?"

तिसऱ्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि बारा दिवसांत आटोपलं. ज्या माणसाला इतक्या वर्षांत समुद्राने सोडलं, तो नळाच्या पाण्याने गेला, असं डॉक्टरच म्हणाले. मी त्यांच्यावर धावून गेलो होतो म्हणे. मला आठवत नाही.

पंधराव्या दिवशी वहिनी बायकांच्या बॅचला हजर होत्या. मी भेटायला गेलो, तर पाण्यात उभ्या राहून एका घाबरलेल्या बाईला सांगत होत्या, "श्वास सोडा. आधी सोडायला शिका, घेणं आपोआप येतं."

मी गेटवरूनच परत फिरलो.

* * *

आता मालदीवचा किस्सा. हा आम्ही बारशाला वगैरे कधी सांगितला नाही.

तिथे दोन बेटांमधल्या खिंडीत भरतीचं पाणी नदीसारखं धावतं. आम्ही तिघं खाली होतो, मिलिंद वर होडीत, होडीवाल्या इब्राहिमबरोबर. ओढ इतकी की खडकाला धरूनच राहायचं. मी वहिनींकडे बघितलं, पुन्हा मन्याकडे वळलो, तर मन्या नव्हता. त्याने धरलेला खडक तेवढा होता.

वर आलो तेव्हा चारी बाजूंना नुसतं पाणी. अकरा वाजले असतील. इब्राहिम प्रवाहाच्या दिशेने होडी न्यायचा, मग इंजिन बंद करायचा. आम्ही हाका मारायच्या. मग कान देऊन बसायचं. पुन्हा इंजिन. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे एक नारळ. कितीदा तरी आम्ही खरोखरीच्या नारळांच्या मागे गेलो.

वहिनी "अहो! अहो!" करून ओरडत होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तासाभराने त्यांचा आवाज बदलला. होडीच्या टोकावर उभ्या राहून त्या ओरडायला लागल्या, "मनोहर! मन्या! ए मन्या!" मिलिंद रडायला लागला. त्या रडल्या नाहीत. नुसत्या नाव घेत राहिल्या, घसा फाटेस्तोवर.

तीन तासांनी इब्राहिमला तो दिसला. उताणा, शांत, छातीवर हात ठेवून तरंगत होता. आम्ही त्याला वर ओढून घेतलं. पाणी पाजलं. ओठ पांढरे पडले होते, पण शुद्धीवर होता.

तो म्हणाला, "दोनदा गेलात तुम्ही जवळून. मी बघितलं."

त्याच्या गळ्यात शिट्टी होती. लांबवर ऐकू जाते तसली, मीच बांधून दिलेली. वहिनींनी ती मुठीत धरली आणि बसलेल्या आवाजात विचारलं, "मग ही का नाही वाजवलीत?"

मन्याने त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"तू नावाने हाका मारत होतीस ना," तो म्हणाला. "ऐकत होतो."