जावेची कुंची

झरीत कुणाच्या सुनेला दिवस गेले की सासू एखाद्या दुपारी सिद्धम्माच्या ओसरीवर येऊन टेकायची. बगलेत मऊ पडलेलं लुगडं असायचं. चहा व्हायचा, सोयाबीनचं आणि पावसाचं बोलणं व्हायचं, आणि उठता उठता ती बाई हळूच म्हणायची, "तेवढं कुंचीचं बगा, अक्का." सिद्धम्मा कापड बोटांत चोळून बघायची, नाक मुरडायची आणि ठेवून घ्यायची. वर्षानुवर्षं गावातली लेकरं तिच्या हातची कुंची घालूनच पहिल्यांदा घराबाहेर निघाली. त्यातल्या कित्येकांना आता मिशा फुटल्यात, पण रस्त्यात दिसली की सिद्धम्मा त्यांना ओळखायची ती कुंचीवरूनच. हा निळ्या गोटाचा, तो लाल झालरीचा.

सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती. मग स्वयंपाक. नवरा शिवप्रकाश डबा घेऊन किराणा दुकानात गेला की ती वाकळ नाहीतर कुंची मांडीवर घ्यायची. उन्हं कलली की घरामागच्या परसात. वांगी, गवार, चुका, मेथी, मांडवावर दोडका. ह्या दोन गोष्टींत आपल्या हाताला गावात जोड नाही हे तिला ठाऊक होतं, आणि लोकांनाही ते ठाऊक आहे, हे तर तिला जास्तच ठाऊक होतं.

शेजारच्या दारात धाकटा दीर श्रीशैल आणि त्याची बायको अनुपमा राहायचे. घराच्या मधोमध भिंत घातलेली, परस मात्र दोघींचा एकच. वाफे तेवढे वाटून घेतलेले. अनुपमा लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. सिद्धम्मानं तिला शेजारी बसवून शिकवलं. चुण्या घालताना अनुपमाच्या बोटांतून रक्त यायचं तेव्हा सिद्धम्मा म्हणायची, "रडायचं तर रड, कापडाला डाग लागू देऊ नको." अनुपमा रडली नाही. शिकत राहिली. टाका शिकली, वाफे पाडायला शिकली, रोपाला माती कधी लावायची ते शिकली. धाकटीला शिकवलं म्हणून सिद्धम्मा चारचौघींत सांगायचीही.

मग श्रीशैलनं बायकोला विजेवरची शिलाई मशीन आणून दिली.

आधी अनुपमानं जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. मग उशांचे अभ्रे, दुपटी, आणि शेवटी कुंच्या. फोटो काढून ते फोनवर पाठवायला तिच्या एका मैत्रिणीनं शिकवलं. परभणीच्या बायका गाड्या करून झरीला यायला लागल्या. रस्त्यावरून आलं की पहिलं दार सिद्धम्माचं. त्या बायका तिच्याच ओसरीसमोर थांबायच्या आणि विचारायच्या, "अनुपमाताई इथंच राहतात का?" सिद्धम्मा मान वर न करता हातानं पुढचं दार दाखवायची.

भिंतीपलीकडून मशीनची घरघर यायची. सिद्धम्माच्या मांडीवर वाकळ असायची आणि सुई मधेच थांबायची. आता ही काय शिवायलीय? कुणाचं? काल त्या हिरव्या साडीवाल्या बाईनं एवढं मोठं गाठोडं कशाचं नेलं? दोरीवर धुतलेल्या पिशव्या वाळत असल्या की ती परसात काहीतरी काम काढायची आणि तिरक्या नजरेनं टाके बघायची. जेवणावरची तिची वासना उडाली. एकदा ती शिवप्रकाशला म्हणाली, "मशीनच शिवतंय सगळं. तिचं काय जातंय? पाय नुसता ठेवायचा."

शिवप्रकाश भाकरी मोडत होता. "तुलाबी घ्यायची का एक?"

त्यावर दोन दिवस सिद्धम्मा त्याच्याशी धड बोलली नाही.

परसातही तसंच झालं. त्या पावसाळ्यात सिद्धम्माच्या दोडक्याची फुलं गळून गेली. अनुपमाचा वेल मात्र मांडवभर पसरला आणि हातभर लांब दोडके लोंबायला लागले. अनुपमा पहिला तोडा जावेच्या घरी आणून द्यायची. "घ्या अक्का, कवळे हायत." सिद्धम्माला ते दोडके लटकताना बघून जेवढं लागायचं त्याच्या दुप्पट ते हातात घेताना लागायचं. तिनं ते शिजवले, शिवप्रकाशनं चांगले झालेत म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतले, आणि तिनं स्वतः मात्र चटणीसंग भाकरी खाल्ली.

अशात तिची एकुलती एक लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणासाठी सोनपेठहून माहेरी आली. सिद्धम्माला बरं वाटलं. निदान ह्या एका कुंचीत कुणाचा वाटा नव्हता. तिनं पेटी उघडून लग्नातली इरकल काढली, जिला आजवर कात्री लावली नव्हती. पदर कापताना तिचा हात जरा थांबला, मग चालला. महिनाभर ती त्या कुंचीवर बसली. डोक्यामागच्या चुण्या एकसारख्या, कडेला हिरवा गोट, हनुवटीखाली बांधायला रेशमी नाडी. पुरी झाली तेव्हा तिनं ती लेकीच्या हातात दिली. रुद्राणीनं उलटीसुलटी करून पाहिली. "चांगली हाय, आई," ती म्हणाली आणि उशाशी ठेवून दिली.

परभणीच्या दवाखान्यात रुद्राणीला मुलगी झाली. घरी आल्यावर बारशाचा दिवस ठरला, आणि आदल्या दुपारी, बाळाला अंगावर पाजता पाजता रुद्राणी म्हणाली, "आई, एक सांगू? राग धरू नको."

"काय?"

"बारशाला काकूची कुंची घालायची म्हणायलेय. मीच तिला शिवायला सांगितली. सासरची मंडळी येणार, फोटो निघणार. तुझी घरात घालायला ठेवू ना. रोजची."

सिद्धम्मा दुपट्याची घडी घालत होती. तिनं ती घडी पुरी केली. "घाल की. मला काय."

"खरंच?"

"लेकरू तुझं हाय. तुला आवडंल ते घाल."

ती उठली आणि परसात आली. भिंतीपलीकडं मशीन चालू होती, म्हणजे अनुपमा आत होती. दोडक्याच्या मांडवाखाली गार सावली पडलेली. सिद्धम्मा भाजी तोडायला आल्यासारखी विळा घेऊन खाली बसली. वेलाचा बुंधा अंगठ्याएवढा जाड झाला होता. रोजची. घरात घालायला. तिनं विळ्याचं पातं बुंध्यावर ठेवलं आणि ओढलं. एवढा मोठा वेल, पण एका ओढीत तुटला. जरासं पाणी निघालं. तिनं माती सारून वर दाबली, विळा पदराला पुसला आणि थोडी गवार तोडून घरात आली. रुद्राणीनं विचारलं, "भाजी कशाची?" ती म्हणाली, "गवारीची."

सकाळी मांडवावरची पानं माना टाकून लोंबत होती. अनुपमानं तिला हाक मारून बोलावलं. "अक्का, ह्याला काय झालं बगा की. काल चांगला होता."

सिद्धम्मानं वर बघितलं. खाली बघितलं नाही. "हुमणी लागली असंल मुळाला."

"एका दिवसात?"

"लागते कधीकधी. राख टाकून बग."

अनुपमानं खरंच चुलीतली राख आणून बुंध्याशी टाकली. ती वाकून राख पसरत असताना सिद्धम्मा शेजारी उभी होती, आणि आता बोलावं का, असं तिच्या मनात एकदा आलंही. पण पाहुण्यांची जीप दारात वाजली आणि दोघी घरात पळाल्या.

बारसं थाटात झालं. मठाचे स्वामी आले, बाळाला विभूती लावली, रीतीप्रमाणं लिंग बांधलं. पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली. बाळाच्या डोक्यावर अनुपमाची जांभळी कुंची होती. सोनपेठची विहीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काय कुंची हाय, माय. कुणी शिवली?" रुद्राणी काकूकडं बोट दाखवायची. अनुपमा मान खाली घालून हसायची. सिद्धम्मा पाहुण्यांना घुगऱ्या वाटत होती, आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न ऐकून तिच्या हातून वाटीत जास्तच घुगऱ्या पडायच्या.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा बाळ झोपलं होतं आणि कुंची पाळण्याच्या दांडीवर होती. सिद्धम्मानं ती घेतली आणि आतल्या खोलीत गेली. तिला खोट बघायची होती. मशीनचं काम वरून चकचकीत, आतून दोरे लोंबणारं, हे ती सगळ्यांना सांगत आली होती. तिनं कुंची उलटी केली. आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर होतं. दोरा कुठं लोंबत नव्हता. एकही गाठ बाळाच्या कातडीला लागेल अशी नव्हती. चुण्या मोजून घातल्यासारख्या, आणि बाळाचा माथा टेकतो तिथं मधोमध मोकळी जागा सोडलेली. नाडी हनुवटीखाली नव्हतीच. ती कानाजवळ, एका बाजूला होती, म्हणजे बाळ मान खाली घालेल तेव्हा गाठ गळ्याला रुतायची नाही.

सिद्धम्मा पलंगाच्या कडेला बसली. एवढ्या कुंच्या शिवल्या आपण. नाडी बाजूला घ्यावी, हे आपल्याला एकदाही कसं सुचलं नाही? हे तिनं शिकवलेलं नव्हतं. अनुपमाचं स्वतःचं होतं. वेल कापताना झाली नव्हती एवढी जळजळ तिला आता झाली, कारण आता नाव ठेवायला जागा उरली नव्हती. तिनं कुंची सुलटी केली आणि परत दांडीवर ठेवली.

बारशानंतर अनुपमानं मांडव मोकळा करायला घेतला. वाळलेला वेल ओढला तर तो नुसताच हातात आला. तिनं खुरप्यानं माती उकरली आणि मुळाचा तुकडा काढला. मग तशीच मातीच्या हातांनी सिद्धम्माच्या स्वयंपाकघरात आली.

"अक्का, हे हुमणीनं खाल्लेलं न्हाई. कापलंय. सरळ."

सिद्धम्मा पीठ मळत होती. "व्हय. मी कापला."

"कामून?"

"तुला ठाऊक हाय कामून."

"हाय ठाऊक. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." अनुपमाचा आवाज चढला नाही. "रुद्राणीनं कुंची शिव म्हणून हट्ट धरला तवा मी दोनदा न्हाई म्हणले. मग शिवली. आणि खोटं कशाला बोलू, शिवताना मला लय बरं वाटलं. तुमच्या लेकीनं तुमची सोडून माझी मागितली म्हणून बरं वाटलं. पण मी तुमचं काही कापलं न्हाई, अक्का."

तिनं तो मुळाचा तुकडा ओट्यावर ठेवला आणि गेली. सिद्धम्मानं पीठ मळून पुरं केलं. भाकऱ्या थापल्या. सगळ्या कडेला फाटल्या.

पुढं दोघींचं बोलणं बंद झालं. दोन घरांचे पुरुष एकमेकांकडं जायचे, यायचे, बायका परसात एकमेकींकडं पाठ करून वाफ्यांना पाणी द्यायच्या. रुद्राणी लेकरू घेऊन सोनपेठला गेली. अनुपमाच्या वाफ्यात मेथी आली, पण जुडी ह्या घरात आली नाही. सिद्धम्मानं एकटीनं ती बाजूची नाडी बसवून पाहिली. एकदा कुंची तिरकी बसली, एकदा कानावर चढली. तिनं दोन्ही वेळा उसवलं. विचारायला जायचं म्हणजे मरण, आणि न विचारता राहवतही नव्हतं. थंडी पडली, तुरी सोंगायला आल्या, तरी ती त्या एका नाडीशी झटतच होती.

शेवटी एका दुपारी ती कापड घेऊन शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. मशीन चालूच राहिली.

"ती नाडी बाजूला कशी धरतीस, दाखव."

अनुपमानं वर पाहिलं. मग पुन्हा सुईकडं. "आज लय काम हाय. उद्या या."

गावातल्या कुणी सिद्धम्माला 'उद्या या' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. ती घरी आली. संध्याकाळी ठरवलं, जायचंच नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

अनुपमानं तिला शेजारी बसवलं. खडूनं खूण करून दाखवली, कापड तिरपं कसं धरायचं ते दाखवलं. सिद्धम्मानं टाका घातला.

"असं न्हाई, अक्का. उसवा."

सिद्धम्मानं उसवलं. तिचे कान तापले होते. पुन्हा घातला. पुन्हा उसवला. तिसऱ्यांदा कापड नीट बसत आलं तेव्हा, मान वर न करता, ती म्हणाली, "वेल कापला ते वाईट केलं मी."

"व्हय," अनुपमा म्हणाली. "चुण्या अजून बारीक घ्या."

एवढंच. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं, कामापुरतं. मग थोडं कामाबाहेरचंही. जुनं सगळं परत आलं असं नाही. अनुपमा पहिला तोडा आणून द्यायची राहिली ती राहिलीच. परभणीच्या गाड्या येतच राहिल्या, आणि गाडी थांबली की सिद्धम्माची सुई अजून मधेच थांबायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला गावातल्या सटवाजीची बायको सुनेच्या बाळाची कुंची न्यायला आली. सिद्धम्मानं शिवलेली होती, जुन्या लुगड्याची, हातटाक्याची. त्या बाईनं नाडी पाहिली आणि तोंडभर हसली. "अनुपमाताईच्या हातची दिसायली."

"माझ्या हातची हाय," सिद्धम्मा म्हणाली. ती बाई कुंची पिशवीत घालायला लागली. सिद्धम्मानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "नाडी तेवढी तिनं शिकवली."

बाई निघून गेली. सिद्धम्मा संध्याकाळभर धुसफुसत होती. भांडी आपटली, शेजारच्या कुत्र्याला हाकललं. शिवप्रकाश जेवायला बसला तेव्हा म्हणाली, "नाडीचं सांगायचं मला काय नडलं होतं? त्या बाईनं विचारलंबी नव्हतं."

"मग कामून सांगितलंस?"

सिद्धम्मानं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि वरण गरम करायला उठली.