॥श्री॥ नावाची फाइल
नातवाच्या लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावताना बोटांना हळदीचा नि ताज्या शाईचा वास लागला आणि मला सांगलीतला छापखाना आठवला. तिथं मी संगणकावर पत्रिका जुळवायची. लिनक्स ही हुकमांवर चालणारी संगणकप्रणाली येते म्हणून माझं नाक एवढं वर, की माऊसनं फाइल पुसणं मला कमीपणाचं वाटे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायची. त्या दिवशी डिस्क गच्च भरली आणि छपाई अडली. समोर रहिमतपूरहून आलेले नवरीचे वडील, हातात टोपी चुरगाळत बसलेले. संध्याकाळच्या एसटीनं त्यांना पत्रिका न्यायच्या होत्या. “आवं ताई, पोरीचं लगीन व्हायच्या आत छापून हुईल न्हवं?” जागा अडवली होती माझ्याच एका अवजड फाइलनं. शुभ म्हणून तिचं नाव मी ठेवलं होतं ||श्री||, उभ्या रेघांसकट. पुसायचा हुकूम दिला की मशीन नुसतं ‘पुढं बोल’ अशा थाटात थांबून राही. मी शहाणी, मला वाटलं देवाचं नाव पुसायला निघाले म्हणून अडलंय. चपला काढून हात जोडले. शेवटी पुण्याच्या लेकीला फोन लावला. ती पोटभर हसली नि म्हणाली, “आई, त्या रेघा मशीनला हुकूमच वाटतात. नाव अवतरणचिन्हांत घाल.” घातलं. फाइल गेली, छपाईचं यंत्र खडखडलं, पाहुण्यांनी टोपी झटकून डोक्यावर चढवली. “सुटलो बगा,” ते म्हणाले. त्यांच्याहून जास्त मी सुटले होते. आजही नव्या फाइलच्या नावात श्री लिहितेच. रेघा तेवढ्या पत्रिकेवर ठेवते.