शेवंती काकीची कौलं

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. आईपाशी तर नाहीच — ती अजूनही आल्यागेल्याला माझं पदवीचं प्रमाणपत्र दाखवते.

आमच्या वाडीत पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा वाडीने देवळात नारळ देऊन माझा सत्कार केला. तेव्हापासून कुणाचं कागदाचं काम निघालं की सगळे माझ्याकडे येतात. मला ते आवडायचं. खरं सांगू? फार आवडायचं. मालवणातल्या एका शाळेत मी लिपिक आहे. तिथे मला कोण विचारतो? वाडीत मात्र माझा शब्द शेवटचा. ‘मला माहीत नाही’ असं मी तिथे कधी म्हटलंच नव्हतं.

घरावर सौर पॅनेल बसवायला अनुदान मिळतं, आणि वीज कमी वापरणाऱ्या घरांना राज्य सरकार त्यात आपली भर घालतं, असं कानावर आलं तेव्हा शेजारची शेवंती काकी आली. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. बिलाच्या धास्तीने ती दुपारचा पंखा बंद करायची आणि पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत बसायची.

“झिला, आमच्या कौलारू घराक तां अनुदान गावतला काय रे?”

मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, “कौलांवर नाय बसत, काकी. स्लॅब नायतर पत्रे होये.”

का म्हटलं? मी पाहिलेली सगळी पॅनेल स्लॅबवर होती — बस, इतक्यावरून.

पुढे कळलं, मुंबईच्या मुलाला सांगून काकीने पत्र्यांची तजवीज केलीय. तेव्हा कुठे मी कुडाळच्या एका पॅनेल बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, कौलारू घराला काही अडचण नाही. वासे मजबूत असतील तर वर सांगाडा बसतो, नाहीतर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लोखंडी मांडव घालून त्यावर पॅनेल बसवायची. अनुदान तसंही मिळतं.

म्हणजे अजून वेळ होता. एकही कौल अजून हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी जमली. आमच्याकडे कौलं उतरवायची रीत अशी — एकजण वर, बाकीचे रांगेत, कौल हातातून हातात खाली येतं. मीही रांगेत उभा राहिलो. न जाऊन कसं चाललं असतं? छपरावर बसलेला बाळगो मला बघून म्हणाला, “साहेबानू, एक जरी फुटलां तर तुमचा सर्टिफिकेट काडून घेतलंव.” सगळे हसले. मीही हसलो.

घरावरचं जवळजवळ प्रत्येक कौल माझ्या हातातून गेलं. त्यातल्या कुठल्याही कौलाशी थांबता आलं असतं — नाही का? ‘थांबा’ म्हणायला असं काय लागतं? काकी मधेच चहा घेऊन आली. मला तिने पहिला कप दिला. मी घेतला, प्यालो, आणि पुन्हा हात पुढे केले. एकही कौल मी फुटू दिलं नाही.

अर्ज मीच भरला, अगदी मनापासून. पण पॅनेल यायला उशीर झाला, आणि मधला सगळा उन्हाळा काकांनी पत्र्याखाली काढला. काकी त्यांच्या अंगावर ओला पंचा टाकायची. फार तापलं की शेजारपाजारचे मिळून त्यांची खाट फणसाखाली नेऊन ठेवायचे. त्या दिवसांत मी त्या वाटेने जायचंच सोडलं. काकांना बोलता येत नाही — तरीही.

आता पॅनेल बसली आहेत. पंखा दिवसभर फिरतो, हेही खरं. अनुदान जमा झालं त्या दिवशी काकी आईकडे खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली. “तुज्या झिलान आमका वारो दिलो गो,” म्हणाली. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

मग आजच हे का लिहायला बसलो? काल दाजी भेटले. वाडीच्या टोकाला त्यांचं घर, तेही कौलारू. काकीचं बघून त्यांनीही कौलं उतरवायचं ठरवलंय, येत्या रविवारी. मला आग्रहाने म्हणाले, “तू येवक होयोच.” त्यांच्यामागून आणखी काही घरं तयार आहेत. माझ्या एका अंदाजाची वाडीत रीत होऊ लागली आहे.

हे लिहून झालं की आधी काकीकडे जाईन. मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही मी गप्प राहिलो — एवढंच सांगेन. ती काय म्हणेल ते तिचं. मग दाजींकडे. पॅनेलवाल्यालाही आज बोलावून घेतलंय. मला येत नाही ते त्याने सांगावं.

दाजींचं खळं ऐसपैस आहे, दिवसभर उन्हात. मांडव तिथे आरामात बसेल.